एकोणीस नंबरची कल्पना

वर्लीन स्टॉकीला मी पहिल्यांदा पाहिलं ते रसेलच्या गॅरेजमध्ये. हातात कागदी ताटली, ताटलीत टूनाचं हॉटडिश (आमच्याकडे एकाच भांड्यात सगळं घालून भट्टीत भाजतात ते), आणि ती भिंतीला चिकटवलेली यादी वाचत उभी. बाकीचे आम्ही सगळे शेगडीला खेटून बसलो होतो, कारण मिनेसोटातल्या डुलूथमध्ये फेब्रुवारीत गॅरेजमध्ये बसायला दुसरी जागाच नसते. तिला थंडी वाजत नसावी. यादी वरपासून खालपर्यंत वाचून झाली आणि तिने पुन्हा वरून सुरुवात केली.

त्या यादीचा आमच्या मंडळाला फार अभिमान होता. आम्ही दहाजण, दहावी वर्लीन. प्रत्येकाकडे एकेक मशीन, आणि ही दहा मशीनं एकमेकांना जोडलेली. तुम्ही एखादी वस्तू, म्हणजे फोटो म्हणा, कागद म्हणा, आमच्याकडे ठेवायला दिलीत की ती तुमच्याच फोनमध्ये कुलूपबंद व्हायची, तिचे दहा तुकडे व्हायचे आणि एकेक तुकडा एकेकाच्या घरी जायचा. दहापैकी कुठलेही चार तुकडे मिळाले आणि तुमच्याकडे किल्ली असली की वस्तू जशीच्या तशी परत. तुकडा सांभाळणाऱ्याला आत काय आहे ते कधीच कळायचं नाही. सहा घरं जळून गेली तरी तुमचं काही बिघडत नाही, असं रसेल नव्या माणसाला सांगायचा आणि सांगताना सहा बोटं वर करायचा. या सगळ्याला आम्ही ‘शेजार’ म्हणायचो.

आता एवढा छान शेजार उभा केल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. त्यासाठी ती यादी. या शेजारावर काय काय बांधता येईल, याच्या बेचाळीस कल्पना. मृत्युपत्रं ठेवायची पेटी. छोट्या वर्तमानपत्रांना खबर देणाऱ्यांसाठी चोरकप्पा. डॉक्टर बदलला तरी रुग्णाकडेच राहणारे कागद. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या नोंदी. एकाने तर आपल्या आजीच्या आंबवलेल्या कोबीची कृती सात पिढ्या टिकवायची कल्पना लिहिली होती. दरवर्षी फेब्रुवारीत आम्ही जमायचो, बिअर प्यायचो, यादीत चारपाच कल्पना वाढवायचो आणि एकमेकांची पाठ थोपटून घरी जायचो. बांधलं कोणी काहीच नव्हतं. बांधणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं.

“एकोणीस नंबर झालाय का?” वर्लीनने विचारलं.

रसेल एंगेब्रेटसन म्हणजे आमचा म्होरक्या. कुलूप लावायची सगळी विद्या त्याची, नावामागे डॉक्टरेट. तो म्हणाला, “एकोणीस म्हणजे कुठला?”

“घरात मार खाणाऱ्या बाईला पुरावा लपवून ठेवता यावा. तूच लिहिलायस. खाली तुझं नाव आहे.”

“हां, तो! तो म्हणजे... कल्पना आहे.”

“म्हणजे नाही झालेला.”

“फार महत्त्वाची कल्पना आहे ती,” रसेल म्हणाला. वर्लीनने मान डोलावली आणि गार झालेलं हॉटडिश उभ्याउभ्याच खाऊन टाकलं.

वर्लीन तेव्हा साठीला आली होती. आयुष्यभर शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळलं: कुठली बस कुठल्या घाटात अडकली, कुठल्या पोराला कुणी उतरवून घेतलं. निवृत्त झाल्यावर कम्युनिटी कॉलेजात जाऊन विशीतल्या पोरांच्या शेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकली. ते का, हे तिने मला पुढे एकदा गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत. तिच्या नवऱ्याने तिला नऊ वर्षं मारलं. तिची बहीण फोटो काढायची आणि ते बुटांच्या खोक्यात घालून वर्लीन माळ्यावर ठेवायची. एक दिवस नवऱ्याला खोकं सापडलं. त्याने तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि तिच्यासमोर एकेक फोटो चुलीत टाकला. “घाई नव्हती त्याला,” वर्लीन म्हणाली. “प्रत्येक फोटो आधी बघत होता.”

नंतर ती सुटली. गावातल्या बायकांच्या आसरा-घरात काम करू लागली आणि तिथे तिला तेच खोकं वेगवेगळ्या रूपात दिसत राहिलं. फोन नवरा तपासतो. आईकडे ठेवावं तर आई जावयाच्या बाजूची. आसरा-घराच्या संगणकावर ठेवावं तर एका वकिलाने कोर्टाचा हुकूम आणून तो संगणकच उचलून नेला होता. तिला अशी जागा हवी होती जी उघडायची म्हटली तरी कुणाला उघडता येणार नाही, फक्त त्या बाईला येईल. आमच्या बेचाळीस हुशारीच्या ओळींत तिला तिच्या कामाची एक ओळ सापडली होती.

दीड वर्षात तिने ते बांधलं. एकटीने. दिसायला ते हॉटडिशच्या पाककृतींचं अ‍ॅप होतं, आणि आत पाककृती खऱ्या होत्या, सगळ्या चर्चमधल्या बायकांकडून मागून आणलेल्या. मात्र बटाट्याच्या हॉटडिशच्या चित्रावर बोट दाबून धरलं की कॅमेरा उघडायचा. फोटो काढला की तो शेजारात जायचा आणि फोनमध्ये त्याचा मागमूस राहायचा नाही. किल्ली म्हणजे बारा साधे शब्द. ते वर्लीन बाईला पाककृतीच्या कार्डावर साहित्यामध्ये मिसळून लिहायला शिकवायची. आपल्याकडे कुठल्या नवऱ्याने बायकोची पाककृतींची पेटी उघडून बघितलीय?

त्या वर्षी गॅरेजमध्ये टाळ्या पडल्या. रसेलने हिरव्या पेनाने एकोणीस नंबरपुढे बरोबरची खूण केली आणि शेजारी लिहिलं, ‘झालं.’ खाली कल्पनाकार म्हणून त्याचं नाव होतंच. वर्लीनचं नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही. तिनेही सुचवलं नाही. तिने एवढंच विचारलं, “तुमची मशीनं चालू राहतील ना?”

“वर्लीन,” रसेल हसून म्हणाला, “सहा गेली तरी चालतं.” आणि बोटं वर केली.

इथे आमच्या मंडळाचा एक नियम सांगायला हवा. विचारायचं नाही. तू काय ठेवलंयस ते विचारायचं नाही, तुझं मशीन कुठे आहे तेही विचारायचं नाही. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून कुणी वदवून घेऊ शकत नाही, असं त्यामागचं शास्त्र. त्यात आम्ही मिनेसोटाची माणसं. शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तर आम्ही आधी हवापाण्याबद्दल दोन वाक्यं बोलतो. न विचारणं हा आमच्याकडे शास्त्राच्याही आधीपासून चालत आलेला सभ्यपणा आहे. दोन्ही एकत्र आल्यावर आमच्यात कोण कुणाला काय विचारणार, कपाळ!

ब्रीना आसरा-घरात आली ती पोरीला कडेवर घेऊन, सप्टेंबरात. पोर सहा वर्षांची, नाव जूनी, पायात एकच चप्पल. ब्रीनाचा नवरा कोरी म्हणजे लहान पोरांचा हॉकीचा कोच. गावात निम्म्या घरांतल्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, पोरांच्या खांद्यावर हात ठेवलेला. त्याच्याबद्दल वाईट ऐकायला गावात कुणाचे कान मोकळे नव्हते. पण ब्रीनाने दोन हिवाळे बटाट्याच्या हॉटडिशवर बोट दाबलं होतं. मान, पाठ, दंड. आणि शेवटचा, ज्यानंतर ती निघाली तो फोटो, जूनीच्या खांद्याचा.

सुनावणी नोव्हेंबरात होती. कोरीने मुलीचा ताबा मागितला होता. निदान शनिवार-रविवारी तरी ती मिळावी, म्हणून वकील उभा केला होता आणि हॉकी संघाच्या अकरा पालकांची चांगुलपणाची पत्रं जोडली होती. ब्रीनाकडे ते फोटो सोडले तर फक्त तिचा शब्द होता.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात वर्लीनने मला बोलावलं. आसरा-घरात छापायचं यंत्र बिघडलं होतं आणि असली कामं माझ्याकडे येतात, मी पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करत जन्म काढला. स्वयंपाकघरात ब्रीना पाककृतींची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. घरातून पळताना तिने कपडे घेतले नव्हते, पोरीची दुसरी चप्पल घेतली नव्हती, पण ती पेटी उचलली होती. तिने कार्ड काढलं आणि एकेक शब्द वाचला. वर्लीनने टाइप केला. किल्ली बरोबर लागली. पडद्यावर फोटोंची नावं आली, तारखांसकट. ब्रीना पहिल्यांदा जरा हसली.

वर्लीनने पहिला फोटो उघडला. चाक फिरत राहिलं. मग खाली ओळ आली: चार तुकडे हवेत, तीन मिळाले.

“नेट हळू असेल,” मी म्हणालो.

वर्लीनने दुसरा उघडला. तीन मिळाले. तिसरा. तीन. जूनीच्या खांद्याचा. तीन.

“म्हणजे काय?” ब्रीनाने विचारलं. “मी शब्द चुकीचे लिहिले का?”

“नाही गं,” वर्लीन म्हणाली. “तुझं सगळं बरोबर आहे.”

दुसऱ्या पडद्यावर शेजारातली दहा मशीनं दिसत होती. दहाच्या दहा हिरवी. मला कळेना. माझं मशीन घरी कपडे धुण्याच्या यंत्रामागे, धुळीने भरलेलं, पण चालू. वर्लीनचं तिच्या पलंगाखाली. मग तिने ते केलं जे आमच्यात कुणी कधी केलं नव्हतं. फोन उचलला आणि एकेकाला लावून सरळ विचारलं, “तुझं मशीन कुठे आहे?”

पहिला गडबडला. म्हणाला, “असं का विचारतेस?” ती म्हणाली, “कुठे आहे?” मग कळलं. बायकोला पंख्याचा आवाज सहन होईना म्हणून त्याने तीन वर्षांपूर्वी घरातलं मशीन बंद केलं आणि शिकागोत भाड्याने जागा घेतली. तिथे कोठारभर मशीनं असतात, त्यातला एक कोपरा स्वस्तात मिळतो. बोलला नाही, कारण लाज वाटली. दुसऱ्याचं विजेचं बिल वाढलं होतं. शिकागो. तिसऱ्याच्या तळघरात पाणी यायचं. शिकागो. सगळ्यात स्वस्त जे होतं ते प्रत्येकाने गुपचूप शोधलं आणि प्रत्येकाला तेच सापडलं. सातजण. एकच इमारत.

आणि ती इमारत ऑक्टोबरमध्ये जळली होती.

“मग तू सांगितलं का नाहीस?” वर्लीन प्रत्येकाला विचारत होती. आवाज चढवत नव्हती. तेच मला ऐकवेना. आणि सातही जणांनी, कुणी आधी कुणी नंतर, एकच उत्तर दिलं. माझं एकट्याचं गेलं होतं. एक गेलं तर काय होतंय? सहा गेली तरी चालतं. म्हणून त्यांनी चटकन दुसरीकडे नवं मशीन घेतलं, त्याला जुनंच नाव दिलं आणि जोडून टाकलं. रिकामं. दिवा हिरवा. एवढी तत्परता त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवली असेल तर शपथ.

या सातांतला शेवटचा फोन रसेलला. तोही शिकागो.

“हे बघ वर्लीन,” रसेल म्हणाला, फोन स्पीकरवर होता, “कुलूप तुटलेलं नाही. ते फोटो कुणाच्याही हाती लागलेले नाहीत. त्या अर्थाने सुरक्षित आहेत.”

ब्रीना मान खाली घालून ते कार्ड पेटीत परत ठेवत होती. नीट, आपल्या जागी, सूप आणि केक यांच्या मधल्या कप्प्यात. मला त्या क्षणी रसेलच्या तोंडात मारावीशी वाटली. अजूनही वाटते.

सुनावणीला मी गेलो होतो, मागच्या बाकावर. ब्रीनाने सांगितलं. चांगलं सांगितलं, रडली नाही, आणि तेच तिला नडलं असं नंतर तिची वकील म्हणाली. कोरीच्या वकिलाने विचारलं, “फोटो काढले होते म्हणता, मग कुठे आहेत?” ब्रीना म्हणाली, “ते तुकड्यांत आहेत.” कोर्टात कुणीतरी खाकरलं. वर्लीन साक्षीला उभी राहिली आणि तिने चार तुकडे, दहा घरं, शिकागोची आग, सगळं सांगितलं. न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. ऐकून घेतलं. मग विचारलं, “मिसेस स्टॉकी, तुम्ही स्वतः ते फोटो पाहिले होते का?”

“नाही,” वर्लीन म्हणाली. “मला दिसू नयेत असंच ते बांधलंय.”

कोरीला एकाआड एक शुक्रवार ते रविवार मुलगी मिळाली. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याने वर्लीनसाठी दार धरून ठेवलं. तोही मिनेसोटाचाच.

फेब्रुवारीत मंडळ जमलं. मी जाणार नव्हतो, वर्लीन जाते म्हणून गेलो. हॉटडिश होतं, बिअर होती. सगळ्यांनी तिच्याशी फार हळू आवाजात बोलायचं ठरवलं असावं. रसेलने उभं राहून सांगितलं की या घटनेतून आपण शिकलो आहोत. मग भिंतीजवळ जाऊन त्याने यादीत नवी कल्पना लिहिली: प्रत्येकाचं मशीन खरोखर कुठे आहे ते आपोआप तपासणारं अ‍ॅप. खाली स्वतःचं नाव. शिकागोवाल्या बाकी सहाजणांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, “फार महत्त्वाची कल्पना आहे.” आणि पुन्हा सगळे शेगडीकडे वळले.

वर्लीन यादीपुढे उभी होती. “रसेल, एकोणीसपुढची ती खूण काढ.”

“का?”

“झालेलं नाही ते.”

रसेलने चष्मा पुसला. त्याला खरंच पटत नव्हतं, हेच मला सगळ्यात कडू लागलं. “पण तू बांधलंस ना? अ‍ॅप चालतं. चूक तुझ्या बाजूला नव्हती. मला वाटतं, खूण राहू दे. बाकीच्यांना हुरूप येतो.”

वर्लीनने कोट घातला. वाद घालायची बाई ती नव्हेच. मी तिच्यामागोमाग बाहेर पडलो, आणि माझ्या नावाने त्या यादीत ज्या दोन फालतू कल्पना आहेत त्या पुसायचंही मला सुचलं नाही.

आता ती काय करते ते सांगतो. एकाआड एक रविवारी संध्याकाळी हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर कोरी मुलीला परत आणून सोडतो. ब्रीना गाडीत, शेजारी वर्लीन. पोर गाडीत बसली की कोट काढतात, बाह्या वर करतात, पाठ बघतात, आणि वर्लीन फोटो काढते. साध्या कॅमेऱ्याने. मग दुकानात जाऊन त्याच्या दहा प्रती छापते. अख्ख्या. तुकडा नाही, कुलूप नाही. पाकिटं बंद करून तारीख घालते आणि दहा घरी स्वतः नेऊन देते. चर्चमधल्या त्या पाककृतीवाल्या बायका, तिची बहीण, एक दंतवैद्य, आणि मी. आमच्या मंडळातला मी एकटाच. माझं मशीन मी त्याच महिन्यात बंद केलं.

पहिल्यांदा ती आली तेव्हा मी पाकीट घेतलं आणि म्हणालो, “काळजी करू नकोस. जपून ठेवतो.”

“कुठे?”

“कपाटात.”

“दाखव, लायल.”

बर्फाचे बूट न काढता ती माझ्या झोपायच्या खोलीपर्यंत आली. या गावात पन्नास वर्षांत कुणी माझ्या घरात बूट घालून आलेलं नाही. मी कपाट उघडलं. तिने खण बघितला, मागे हात घालून ओल आहे का ते पाहिलं, पाकीट स्वतः ठेवलं, आणि खण दोनदा ओढून लावला. पुढच्या वेळी आली तेव्हा आधी जुनं पाकीट जागेवर आहे का ते बघितलं, मगच नवं दिलं. दर वेळी तसंच. दहाही घरी.

परवाच्या रविवारी मी न राहवून विचारलं, “आज काय होतं?”

“काही नाही. अंग स्वच्छ आहे पोरीचं.”

“मग पाकीट कशाला?”

“तिच्या अंगावर आज काही नव्हतं, याचा पण फोटो लागेल,” वर्लीन म्हणाली. “ज्या दिवशी असेल त्या दिवशी दाखवायला.”

असं म्हणून तिने खण लावला, ओढून बघितला, आणि पुढच्या घरी गेली.